दोन्ही हातांनी

आमच्या चर्चमध्ये प्रवचन संपवून पाळक खाली उतरला, की त्या रविवारचा पंच सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतो. सांगितलं ते वचनाला धरून होतं आणि चर्चचा कारभार पाहणारं पंचमंडळ पाठीशी आहे, असा त्याचा अर्थ. हात पुढे आला नाही, तर पाळकाने सामान बांधायला घ्यावं. नेदरलँड्समधल्या फ्रिसलंडच्या या गावात अकरा वर्षांत माझ्यावर ती वेळ आलेली नाही.

मार्चमध्ये मी परक्याला पंगतीत बसवण्यावर बोलले. देवाच्या घराचं दार आपण बांधलेलं नाही, तेव्हा ते कुणाच्या तोंडावर लावायचं हे ठरवणारे आपण कोण, असं विचारलं. खाली उतरले, तर विब्रेनने माझा हात दोन्ही हातांनी धरला. विब्रेन पंचमंडळाचा प्रमुख. त्याचा मुलगा येल्मर आणि येल्मरचा जोडीदार दुआर्ते यांना नगरपालिकेतल्या लग्नानंतर आमच्या चर्चमध्ये आशीर्वाद हवा होता. विब्रेनचे दोन्ही हात पुढे आलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तो होकार समजले.

दुपारी येल्मरला फोन केला.

"दोन्ही हात?" तो हसला. "पाळकबाई, बाबा गाय व्यायला आली तरी एका हाताने सांभाळतात."

"मंडळाची बैठक व्हायची आहे अजून."

"आता कसली बैठक! दुआर्तेची आई रॉटरडॅमहून विचारतेय, तुमच्या चर्चमध्ये टोपी चालते का."

"मोठी घालायला सांग," मी म्हणाले.

त्यांनी पत्रिका छापल्या.

बैठक गुरुवारी झाली. विरोधात सात हात वर गेले, बाजूने दोन. सातांत विब्रेनचा होता. कॉफीचे कप विसळताना मी त्याला गाठलं.

"त्या रविवारी दोन्ही हातांनी माझा हात धरलात ना, विब्रेन?"

"प्रवचन चांगलं होतं."

"मग?"

"मग काय? चांगलं होतं म्हणून ऐकलं." त्याने कप पुसून फळीवर ठेवला. "आणि हात मी पंच म्हणून देतो. तो माझा नसतो."

"आणि बाप म्हणून?"

"बापाकडे तो आलाच नाही, पाळकबाई. तुमच्याकडे गेला."

अकरा वर्षं मी सगळ्यांना सामावून घेण्याबद्दल बोलते आहे. लोक माना डोलावतात, छान झालं म्हणतात, सायकली काढून घरी जातात. त्यांना ऐकायला आवडतं, एवढंच मी त्यांच्यात बदललं आहे.

शुक्रवारी येल्मरला सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी पाळी बाबांचीच आहे, ते हात पुढे करतील. तुम्ही घेऊ नका. बाकी काही नको आम्हाला."

"नाही घेणार," मी म्हणाले.

रविवारी दोघं शेवटच्या बाकावर बसले होते. मी प्रवचन संपवून उतरले. विब्रेनचा हात समोर होता, एकच. मागे साठ माणसं उभी होती. आत राहिले तर पुढच्या कुणासाठी तरी काही करता येईल, असं मी मनाशी म्हणाले, तेव्हा माझा हात त्याच्या हातात गेलेला होता.

दुआर्तेने आधी कोट उचलला. येल्मर त्याच्या मागून गेला आणि जाताना त्याने दार आवाज न करता लावलं. लहानपणापासून त्याला तसंच शिकवलं होतं.