गुणांचा रकाना

मास्तरांनी टेबलावरचा कंट्रोलर एका बोटाने पलीकडे सरकवला, ताटाजवळची माशी हाकलावी तसा.

“मी याला हात लावणार नाही. बघतो आणि सांगतो. तेवढं पुरे.”

“बरं, बघा,” लेक म्हणाली आणि स्वतःच खेळायला बसली.

भिंतभर टीव्ही, त्याखाली वायरींचं गुंतवळ आणि पडद्यावर बेसबॉलचं मैदान. लेकीने आणि तिच्या ऑफिसातल्या मंडळींनी काही वर्षं खपून हा गेम तयार केला होता. बाजारात जाण्याआधी कुणा जाणकाराकडून त्याचे गुण-दोष लिहून आणायचे होते. ऑफिसने एका नावाजलेल्या खेळाडूचं नाव सुचवलं, लेकीने बाबांचं दिलं. तिचा साहेब म्हणे हसला होता, घरचंच प्रशस्तिपत्रक आणणार का म्हणून. बिचाऱ्याला मास्तर माहीत नव्हते.

उभी हयात मास्तरांनी क्लबाच्या मैदानावर पोरापोरींना बेसबॉल शिकवला. कौतुकाने हात मऊ पडतात, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. ‘हरकत नाही’ म्हणायला त्यांच्या मैदानावर बंदी होती. कुणाचा झेल सुटला आणि शेजारच्याने चुकून ‘हरकत नाही’ म्हटलं, तर दोघांनाही मैदानाला फेऱ्या. लेकही लहानपणापासून त्याच मैदानावर घामाघूम झाली आणि एके दिवशी ग्लोव्ह माळ्यावर टाकून कॉम्प्युटरकडे वळली. त्याबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही. आज ती लॅपटॉपवर गुण आणि दोष असे दोन रकाने आखून बसली होती आणि पहिल्या रकान्यात तिला बाबांचा एक शब्द हवा होता. ऑफिससाठी हवा, असं ती म्हणत होती. मास्तरांना खरं काय ते कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच ते जास्त ताठ बसले होते.

“हे गवत कुणी रंगवलं?” त्यांनी सुरुवात केली. “एवढं हिरवं? गाय चरायला सोडली तर तीसुद्धा आधी हुंगून बघेल.”

लेकीने खेळ थांबवून दुसऱ्या रकान्यात ‘गवत’ असं लिहिलं.

“आणि हा घसरत बेसपर्यंत गेला, तरी पँट पांढरीशुभ्र! कपडे धुवायला याची आई पडद्यामागे बसलीय वाटतं.”

“माती पुढच्या वेळी घालणार आहोत, बाबा.”

“बिनमातीचा बेसबॉल. छान. आणि तो पिवळ्या शर्टवाला बघ प्रेक्षकांत. इकडे उठला, तिकडे उठला, त्या कोपऱ्यातही उठला. तिळा आहे का तो?”

सोफ्याच्या टोकाला मास्तरांच्या शर्टाचं बटण लावत बसलेल्या आईला हसू आलं. लेकीने मात्र निमूटपणे पिवळा शर्ट टिपला.

मास्तरांना आता रंग चढला. पंच एकदाही चुकत नाही. ज्यात पंचाला शिव्या घालता येत नाहीत, तो खेळ कसला? चेंडू लागला की चमचा डब्यावर आपटल्यासारखा आवाज येतो. समालोचकाच्या तोंडाला कुलूप नाही. लांब उभ्या असलेल्या खेळाडूंपैकी एकालाही कंटाळा येत नाही, एकही आभाळाकडे बघत नाही, एकही खाजवत नाही. लेक सांगू लागली की माणसांच्या अंगाला खुणा चिकटवतात, ती धावतात-वाकतात आणि त्यांच्या हालचाली जशाच्या तशा पडद्यावर उतरतात, तेव्हा मास्तरांनी कपाळावर हात मारला.

“म्हणजे नट! नटांकडून बेसबॉल खेळवलास. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

दुसरा रकाना लांबत गेला. पहिल्यात अक्षर नव्हतं.

“आता चांगलं काय ते सांगा,” लेक स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली.

मास्तरांनी विचार केल्यासारखं केलं. “टीव्ही मोठा आहे.”

“गेमबद्दल, बाबा.”

“चांगलं म्हणायला शेजारीपाजारी असतात. मला दोष दिसतात ते मी सांगतो.”

आईने दोरा दाताने तोडला. “अहो, तोंडाचा पट्टा झकास चालतोय. अंगठे चालत नाहीत वाटतं?”

हे वर्मी लागलं. मास्तरांनी मांडीवरची क्लबाची जुनी टोपी बाजूला ठेवली आणि कंट्रोलर उचलला. कुठलं बटण दाबायचं ते लेकीने दाखवलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पहिला चेंडू आला आणि गेला. दुसऱ्याला त्यांनी इतक्या घाईने बटण दाबलं की पडद्यावरच्या पोराने वाऱ्याला बॅट मारली. तिसराही हुकला. तीन हुकले, म्हणजे बाद.

बाद झालेल्या त्या पोराने बॅट खाली केली आणि मान वळवून मैदानाच्या कडेला, आपल्या संघाच्या बाकाकडे पाहिलं. तिथे त्याचा कोच उभा होता. कोचने डोक्यावरची टोपी काढली, फाटकन मांडीवर आपटली आणि पाठ फिरवून पाण्याच्या बाटल्यांकडे बघत राहिला.

“हं,” मास्तर म्हणाले. “पुन्हा लाव.”

पुन्हा तेच झालं. पोराने बघितलं, कोचने टोपी आपटली, पाठ फिरवली. तिसऱ्या खेपेला मास्तर चेंडूकडे बघतच नव्हते. हा माणूस या वेळी तरी वळून बघतो का, तेवढंच ते बघत होते. तो वळला नाही. पोरगं एवढ्या मोठ्या हिरव्या मैदानात बॅट धरून एकटं उभं राहिलं. मास्तर भडकले.

“हा कोण शहाणा? कुठल्या गाढवाने याला कोच केला? पोर तुझ्याकडे बघतंय रे! चुकलं असेल, पण बघतंय ना? आणि हा बाटल्या मोजतोय!” त्यांनी कंट्रोलर सोफ्यावर टाकला. “लिही. सगळ्यांत मोठा दोष. गवत राहू दे, माती राहू दे, याला आधी हाकला. याच्या हाताखाली एक पोर टिकायचं नाही!”

लेकीची बोटं कीबोर्डवर थांबली होती.

“काढून टाकू?” तिने विचारलं.

“मग काय, पूजा करू त्याची?”

बोलता बोलता मास्तर उठले, बाजूची टोपी त्यांनी उचलली, फाटकन मांडीवर आपटली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

समोरच्या बाल्कनीत कुणाची तरी चादर वाळत होती. मास्तर त्या चादरीकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांना आपला हात जाणवला, त्यातली टोपी जाणवली, पाठीवरची दोघींची नजर जाणवली.

“हे,” ते टोपीकडे बघत म्हणाले. “हे त्या नटाला कुणी शिकवलं?”

“आईकडे क्लबातल्या सामन्यांचं जुनं शूटिंग होतं,” लेक म्हणाली. “त्यातलं एक मी त्याला दाखवलं.”

“कुठला सामना?”

“माझा. शेवटचा.”

मास्तरांना तो सामना आठवेना. आपण हरलो होतो की जिंकलो होतो, तेही आठवेना. आठवणार कसा? त्या वेळी ते बाटल्यांकडे बघत होते. शरमेने त्यांचे कान तापले.

“काढते मी त्याला,” मागून लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “फार काम नाही त्यात.”

नुसतं वळायचं होतं. पण गुडघेदुखीनेसुद्धा कधी लागला नाही एवढा वेळ मास्तरांना त्या वळण्याला लागला. वळले, तेव्हा त्यांनी लेकीकडे बघितलं नाही, लॅपटॉपकडे बघितलं.

“नको काढू,” ते म्हणाले. “त्याला पहिल्या रकान्यात लिही.”

“गुणांमध्ये?”

“हो.”

“काय लिहू?”

“लिही, की कोच...” ते अडखळले. “हुबेहूब आहे.”

लेकीने लिहिलं. तिला त्या एका शब्दाला बराच वेळ लागला. आईने शर्टाची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

मास्तर सोफ्यावरून कंट्रोलर घेऊन लेकीजवळ आले आणि तिच्यापुढे धरला.

“आता तू खेळ.”

“मी मघाशी खेळलेच की.”

“मघाशी मी गवत बघत होतो.”

ती खेळू लागली. मघाशी पटापट चेंडू उडवणारी लेक आता पहिलाच चुकली, दुसराही चुकली. तिसऱ्या चेंडूला अंगठा थबकला आणि पडद्यावरचं पोरगं बाद झालं. त्याने मान वळवून बाकाकडे पाहिलं. तिकडे टोपी आपटल्याचा आवाज आला. लेकीने मात्र पडद्याकडे पाहिलं नाही. तिने मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांची मान सवयीने खिडकीकडे निघालीच होती. त्यांनी ती तिथल्या तिथे धरली. टोपी दोन्ही हातांत घट्ट पकडून ते लेकीच्या डोळ्यांत बघत राहिले.

“अंगठा उशिरा पडला,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, कधी न चाखलेलं औषध घ्यावं तसं तोंड करून म्हणाले, “हरकत नाही. पुन्हा लाव.”