माउंटखालची लाल रेघ

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं काही औषधानं बरं होणारं नव्हतं. वीस वर्षं ती संग्रहालयाच्या तळघरात कागदावरच्या चित्रांसाठी माउंट कापत होती, म्हणजे चित्राभोवती बसते ती जाड कागदाची चौकट. आज तिच्या टेबलावर सख्ख्या धाकट्या जावेची सात चित्रं येऊन पडली होती. आजच्या चित्रकारांच्या अमूर्त चित्रांचं प्रदर्शन, आणि त्यात कोण? तर आमची धाकटी!

चित्रं थोरलीही काढायची, सुट्टीच्या दिवशी दार लावून. तीनदा ती संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर साहेबांना दाखवली, तीनदा "ठेवा, बघू" ऐकून परत आणली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय उगाच? बरं, या धाकटीला कागद तरी कुणी दिला? माउंट कापला की मधला तुकडा निघतो. ते तुकडे थोरली घरी आणायची, सामानाच्या याद्या लिहायला. हिनं त्यावर चित्रं काढली. आयत्या बिळावर नागोबा! वर सासूबाई फोनवर सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, "घरात एक तरी कलाकार निघाली हो!" एक तरी! थोरली तिथंच भांडी लावत उभी होती.

सातही चित्रांत काळ्या शाईचे ढग होते आणि डाव्या कडेला, बोटभर आत, वरून खाली येणारी एक बारीक लाल रेघ. प्रदर्शन मांडणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "सगळा जीव या रेघेत आहे."

असं का! थोरलीनं पट्टी लावली, पाती उचलली आणि सातही माउंटांची खिडकी डावीकडे दोन बोटं कमी कापली. रेघ गेली झाकून. उरले नुसते ढग. तिला इतकं बरं वाटलं की तिनं चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चित्रं भिंतीवर जायच्या आधी, धाकटी बघायला आली. एक बघितलं, दुसरं बघितलं आणि तिसऱ्याच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं.

"कडा झाकाव्याच लागतात," थोरली म्हणाली. "नियम आहे."

"असेल, वहिनी. तुम्हाला जास्त कळतं." तिनं पुन्हा एकदा सगळ्या चित्रांवरून नजर फिरवली. "फक्त, ती तुमची रेघ होती हो."

"माझी? कसली माझी?"

"मापात चुकलात की तुम्ही लाल पेन्सिलीची रेघ तशीच सोडता आणि शेजारी दुसरी मारता. चुकलेली त्या तुकड्यावर राहते. मी पहिल्यांदा पुसायलाच घेतली होती. मग म्हटलं, किती सरळ उतरलीय, जराही भीती नाही! तेव्हापासून चुकलेल्या रेघेचेच तुकडे निवडते. आधी ती रेघ, मग माझं काय ते."

नियमबियम काही नाही, मीच मुद्दाम झाकली, हे सांगायला थोरलीची जीभ उचलेना. "दे इकडे," एवढंच ती म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत तिनं सातही खिडक्या मोठ्या कापून दिल्या. धाकटी शेजारी बसून एकेक चित्र हातात देत राहिली.

शेवटचं चित्र दोघींनी मिळून भिंतीला टेकवलं. सगळा काळोख त्या रेघेकडे झुकला होता. थोरलीनं अशा रेघा आयुष्यात हजारो मारल्या होत्या, आणि चूक म्हणून त्यातल्या एकीकडेही दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं.

"छान दिसतंय ना, वहिनी?"

"दिसतंय," थोरली म्हणाली. इतके दिवस तिला जावेच्या नावाचा, कौतुकाचा, भिंतीवरच्या जागेचा हेवा वाटत होता. आता तिला जावेच्या डोळ्यांचा हेवा वाटला, आणि त्यावर तिच्या पातीला काही करता येणार नव्हतं.