विमान का अडकायचं

अविनाश गुप्ते यांनी बुधवारी सकाळी नाश्ता करता करता जाहीर केलं की ती डबी कपाटात टाका, आपण आता तिला हात लावणार नाही. जाहीर केलं म्हणजे तीन शब्द बोलले. "बंद कर. नको." दसऱ्यानंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून बोलणं एवढ्यावरच आलं होतं. एरवी हाच माणूस रिफायनरीच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात चौतीस वर्षं होता आणि एखादं मीटर चुकीचा आकडा दाखवायला लागलं तर तासभर तोंडाचा पट्टा चालवायचा.

त्यांच्या बायकोला, नयनाबाईंना, ते परवडणारं नव्हतं. प्रश्न डबीचा नव्हताच, उजव्या अंगठ्याचा होता. आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या कोमलबेननी स्पष्ट सांगितलं होतं, "आंटी, पहिल्या सहा महिन्यांत जे परत येतं ते येतं. पछी बहु अघरुं." नंतर फार अवघड. त्यातले पाच महिने गेले होते. कोमलबेननी रबरी चेंडू आणला, तो अविनाशरावांनी कोचाखाली सरकवून दिला. कपडे वाळत घालायचे चिमटे दाबायला दिले, त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. साठी उलटलेल्या माणसाने चिमटे दाबत बसायचं, हे त्यांच्या अंगाला झोंबत असणार. बोलता येत नव्हतं म्हणून कोमलबेन वाचल्या.

अंगठा हलला तो फक्त त्या डबीमुळे. मुलगी शर्वरी नाताळच्या सुट्टीत बंगळुरूहून मांजलपूरच्या घरी आली, तेव्हा तिने ती आणली होती. पत्त्यांच्या कॅटाएवढी डबी, तिच्या आत एकाच बोर्डावर मावलेला अख्खा कॉम्प्युटर, आणि त्यात पूर्वीच्या व्हिडिओ गेमा भरलेल्या. ती लहान असताना घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या दुकानातून एका दिवसाच्या बोलीवर कॅसेट भाड्याने यायची आणि रात्रपाळी करून आलेला बाप चहाही न घेता तिच्याबरोबर विमान उडवायला बसायचा. तोच विमानाचा खेळ तिने टीव्हीवर लावला. समोरून दगड येतात, ते चुकवायचे नाहीतर गोळी मारून फोडायचे. गोळीचं बटण उजव्या अंगठ्याखाली.

पहिल्या दिवशी अंगठा बटणावर नुसता पडून होता. चौथ्या दिवशी एक गोळी सुटली. शर्वरी परत गेली तेव्हा पाच-सात दगड फुटायला लागले होते. कोमलबेन टाळ्या वाजवून "वाह अंकल, बहु सरस!" म्हणाल्या आणि अविनाशरावांनी मान दुसरीकडे फिरवून हसू लपवलं. नयनाबाईंनी ते पाहिलं. त्यांना तर त्या डबीला हळदकुंकू वाहावंसं वाटत होतं.

आणि मग ते अडकणं सुरू झालं. विमान ऐन रंगात आलेलं असायचं, दगडांचा नुसता पाऊस, आणि एकदम चित्र जागच्या जागी थिजायचं. आवाज एकाच सुरात घुंऽऽ करत राहायचा. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. वायर काढून परत लावली की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा झालं तेव्हा अविनाशरावांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे. "माझ्यामुळे," म्हणाले. आपला हात थरथरतो, वेडावाकडा दाबला जातो, म्हणून यंत्र बिघडतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. तिथून ते काढणं नयनाबाईंच्या बापालाही जमलं नसतं.

नयनाबाईंनी उपाय कमी केले नाहीत. आधी शर्वरीने फोनवर सांगितलं की डबी तापत असेल. ती तापणारच होती, कारण या घरात कुठलीही वस्तू उघडी ठेवायची पद्धत नव्हती. मिक्सरला झबलं, रिमोटला प्लास्टिक, तसा डबीवरही क्रोशाचा रुमाल घातलेला होता. तो काढला, समोर टेबलफॅन लावला. दोन दिवसांनी विमान पुन्हा अडकलं. मग आतलं कार्ड खराब असेल म्हणून शर्वरीने कुरियरने नवं पाठवलं. नयनाबाईंनी चष्मा लावून, श्वास रोखून ते बसवलं. तरी अडकलंच. "अडॅप्टरचा प्रश्न नाही, तो मी स्वतः बघून लावलाय," शर्वरी म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

नयनाबाई निवृत्त गणिताच्या शिक्षिका. त्यांनी वही घातली. तारीख, कितव्या टप्प्यापर्यंत गेले, किती मिनिटं चाललं, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. रोज विमान उडालं की वहीत नोंद. पण शाळेत पोरांच्या वहीकडे बघितलं की चूक डोळ्यांत भरायची, इथे स्वतःच्या वहीत काही दिसेना.

आज मात्र अविनाशरावांनी "नको" म्हटल्यावर त्या बशी उचलून स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं, शर्वरीला फोन लावला आणि ती "हॅलो" म्हणायच्या आत रडायला लागल्या.

"बाबांनी सोडलं गं. आता चिमटेही नाहीत, चेंडूही नाही, काहीच नाही. एक महिना राहिलाय आणि हे हात मांडीवर टाकून बसणार."

शर्वरीने त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "आई, ती वही आहे ना तुझी? वाच मला. सगळी वाच."

नयनाबाईंनी नाक पुसलं आणि वाचायला घेतलं. "सतरा तारीख. तिसरा टप्पा, सहा मिनिटं. वीज मिळाली. अडकलं. अठरा तारीख. तिसरा टप्पा, सात मिनिटं. वीज मिळाली. अडकलं. वीस तारीख..."

"थांब. वीज मिळाली म्हणजे?"

"अगं, वर उजव्या कोपऱ्यात येते ना, पिवळी. विजेचं चित्र. विमानाला शक्ती मिळते ती. मी दर वेळी सांगते त्यांना, मिळाली बघा, आता मारा म्हणून."

पलीकडे शर्वरीने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"आई," शर्वरी अगदी हळू म्हणाली, "ती शक्ती नाही. त्या खेळात तसलं काही नाहीच. डबीला लाइट कमी पडला की ती तसं दाखवते. बाबांना कसं दिसलं नाही ते?"

"त्यांना उजवीकडचं कुठे दिसतं नीट? ताटातली भाजी तशीच राहते, कोशिंबीर मात्र चाटूनपुसून."

"वायर कुठे लावलीयेस तू?"

गुप्त्यांच्या घरात वापरात नसलेली वस्तू प्लगमध्ये राहू द्यायची नाही, हा अविनाशरावांचा चौतीस वर्षांचा नियम. झोपायच्या आधी ते घरातलं एकेक बटण स्वतः बघायचे. शर्वरी गेल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ते शोकेसच्या मागचं अडॅप्टरचं बटण बंद करायला वाकले आणि पडता पडता वाचले. मग नयनाबाईंनीच तोड काढली. त्यांनी अडॅप्टर काढला आणि वायर सरळ टीव्हीच्या मागच्या भोकात खोचली. टीव्ही बंद की डबी बंद, वाकायला नको, नियमही मोडायला नको. त्या दिवशी त्या स्वतःवर भलत्याच खूश होत्या.

"टीव्हीच्या मागे," त्या म्हणाल्या. "आणि अडॅप्टरवर मी माझा मोबाइल चार्ज करते."

"आई! ते भोक पेन ड्राइव्हपुरतं असतं. त्याच्यावर कॉम्प्युटर चालवतेस तू?"

"पण मग टीव्हीला लावल्यावरही पहिले दोन दिवस चाललं कसं?" नयनाबाई गणिताच्या बाई होत्या, पायरी गाळलेली त्यांना खपत नसे.

"पहिल्या टप्प्यात दोन-चार दगड येतात. त्याला लाइट थोडा लागतो, भागून जातं. पुढे गर्दी वाढली की डबीचं काम वाढतं, मग पुरत नाही. बाबा पुढे जायला लागले म्हणून अडकायला लागलं."

नयनाबाईंनी वहीची पानं उलटली. पहिल्या टप्प्यावर एकदाही अडकलेलं नव्हतं. दुसऱ्यावर एकदा. तिसऱ्यावर नऊ वेळा. गेले दोन महिने त्या आपल्याच हाताने लिहीत होत्या की नवऱ्याचा हात सुधारतोय, आणि नवरा समजत होता की हात वाया गेलाय. त्यांना एकाच वेळी हसू आणि रडू आलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्या बाहेर आल्या, अविनाशरावांच्या समोर स्टूल ओढून बसल्या आणि आधी मुद्द्याचं बोलल्या. "अहो, तुमचा हात नव्हता. मी होते."

मग सगळं सांगितलं. पिवळी वीज, टीव्हीचं भोक, मोबाइलला लावलेला अडॅप्टर. वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तिसऱ्या टप्प्याच्या नोंदींवरून बोट फिरवलं. अविनाशरावांनी पानं मागे-पुढे करून पाहिली. नयनाबाईंना वाटलं, समजलं नाही की काय.

"टीव्हीच्या..." ते म्हणाले. चेहरा लाल व्हायला लागला. "टीव्हीच्या भोकातून? सप्लाय? अगं... अगं आधी सप्लाय बघायचा! चौतीस वर्षं पोरांना... काय शिकवलं मी? आधी सप्लाय, मग बाकीचं! कार्ड बदलतायत! पंखा लावतायत! मला कुणी... एका शब्दाने विचारलं नाही!"

ते मात्र खरं होतं. ज्या माणसाचा जन्म बिघडलेली यंत्रं हुडकण्यात गेला तो तीन हातांवर कोचात बसलेला असताना नयनाबाईंनी सल्ला घेतला तो बंगळुरूला फोन करून. त्याला आजारी धरला, तो धरलाच.

"चुकलं," नयनाबाई म्हणाल्या.

"चुकलं काय चुकलं! शाळेत... असंच शिकवलंस का?"

शब्द अडखळत होते, मधेच जीभ जड होत होती, पण पट्टा सुरू झाला होता. चाळीस वर्षांत नवऱ्याची बोलणी नयनाबाईंनी कधी मुकाट्याने ऐकून घेतली नव्हती. आज त्या पदराने डोळे टिपत, हसत, सगळी ऐकत बसल्या, आणि ती संपू नयेत असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"आण तो," शेवटी अविनाशराव म्हणाले.

त्यांनी अडॅप्टर आणला. अविनाशरावांनी तो डोळ्यांजवळ धरून त्यावरचे बारीक आकडे वाचले, मान हलवली आणि मगच लावू दिला. विमान उडालं. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात दगडांची गर्दी झाली आणि नयनाबाई खेळाकडे न बघता नुसत्या वरच्या कोपऱ्याकडे टक लावून राहिल्या. वीज आली नाही. सहा मिनिटं झाली, आठ झाली. अंगठा पडत होता, उठत होता. चौथा टप्पा लागला. डबी आल्यापासून तो त्या दोघांनी एकदाही पाहिला नव्हता. त्यात दगडांऐवजी दुसरी विमानं येत होती.

आणि अविनाशरावांचं विमान त्यातल्या एकावर सरळ जाऊन आदळलं. मोठा धमाका झाला, पडदा काळा झाला आणि खेळ संपल्याची अक्षरं आली. नयनाबाईंनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं.

अविनाशरावांचा चेहरा नुसता फुलला होता.

"अडकलं नाही," ते म्हणाले. "हा मीच मेलो." त्यांनी उजवा अंगठा बटणावर नीट बसवून घेतला. "लाव परत."