खळ्यावरचा पंखा

कंडक्टरनं एस.टी.च्या टपावरून पंखा खाली दिला, तेव्हा फाट्यावर बसलेल्या माणसांना वाटलं, जयंतीसाठी भोंगा आला. पोत्यात गुंडाळलेलं गोल तोंड, खाली लांब दांडा. कुंदानं तो छातीशी धरला आणि पिशवी खांद्याला अडकवून गावाकडे चालू लागली.

कुंदा म्हणजे वच्छलाबाईची लेक. जळगावात नर्स होती, मेहरूणला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. वडिलांना, पंडितला, दमा. चैत्रातल्या उकाड्यात त्यांना झोप लागत नाही, हे तिला सुट्टीत घरी आल्यावर कळायचं आणि परत गेल्यावर छळायचं. म्हणून हा पंखा. उभा, दांड्याचा, तीन बटनांचा.

"कसाले आना व माय?" वच्छलाबाई म्हणाली. "आपन काय साहेब शेतस?"

"बाबांसाठी आणलाय, आई. तू नको वापरू," कुंदा हसून म्हणाली. मग गंभीर झाली. "आणि बाबा, खळ्यावर पाऊल टाकायचं नाही. धूळ छातीत गेली तर मला जळगावहून धावत यावं लागेल."

पंडितनं मान हलवली. पण ती मान हलवताना त्याची नजर मागच्या दाराकडे गेली, हे वच्छलाबाईनं पाहिलं. मागच्या दारातून खळं दिसायचं.

एके काळी पंचक्रोशीत पंडितसारखा धान्य उपणणारा माणूस नव्हता. तीन पायांच्या उंच तिवईवर तो ताडासारखा उभा राहायचा, टोपली डोक्याच्या वर धरायचा, आणि त्याच्या हातातून दाण्यांची धार अशी सुटायची की दाणा पायाशी आणि भुसा थेट बांधावर. लोक त्याला लांबून बोलवायला यायचे. त्याच धुळीनं त्याची छाती खाल्ली. दोन हंगाम झाले, तो बाजेवर बसून होता. सुगी आली की त्याचं बोलणंच कमी व्हायचं.

कुंदा दुसऱ्या दिवशी परत गेली. पंखा मात्र आपलं काम करू लागला. पंडित रात्री झोपू लागला, सकाळी चहा मागू लागला. वच्छलाबाईला तेवढ्यानंच भरून आलं. पण त्या साली पंख्याच्या नशिबी याहून मोठं काम होतं.

दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, मळून झाली होती. वच्छलाबाईचं खळं आणि शेजारी आधार नानांचं खळं, मध्ये फक्त एक बांध. दोन्हीकडे ढीग पडलेले, दाणा आणि भुसा एकत्र. उपणायला वारा हवा, आणि वारा गावावर रुसला होता. लिंबाचं पान हलत नव्हतं. झिपरू उपणणाऱ्याला दोन्ही खळ्यांनी बोलावलं होतं. तो रोज सकाळी येई, तिवईच्या पायरीवर बसून बिडी ओढी, आभाळाकडे बघे आणि दिवस कलला की निघून जाई.

"वारा येई तवय येई," झिपरू म्हणे. "वारा काय मना नोकर शे?"

पण त्या दिवशी साक्रीच्या बाजूला आभाळ काळं पडायला लागलं होतं. अवकाळी आला तर उघड्यावरची दादर भिजणार, काळी पडणार. आधार नाना गोणपाटं शोधत होते. एवढ्या ढिगांवर टाकायला गोणपाटं तरी किती असणार?

दुपारी वच्छलाबाई पंडितला भाकर द्यायला घरी आली. तो पंख्यासमोर आडवा पडला होता. संध्याकाळच्या भाकरीला पीठ हवं म्हणून तिनं कोपऱ्यातल्या मडक्यातून थोडी दादर सुपात घेतली आणि तिथंच उंबऱ्याजवळ बसून पाखडायला लागली. डोक्यात तर ढग होते. हात आपोआप चालत होते.

थोड्या वेळानं तिचं लक्ष गेलं. सूप वर गेलं की कोंडा हवेत उडत होता आणि आडवा जाऊन समोरच्या भिंतीला चिकटत होता. दाणे मात्र सरळ सुपात. भिंतीच्या पायाशी कोंड्याची एक छोटी रांग जमली होती. तिनं मुद्दाम सूप जरा उंच धरलं आणि दाणे सोडले. कोंडा पुन्हा भिंतीकडे.

ती सूप तसंच धरून पंख्याकडे बघत राहिली.

"काय व्हयनं?" पंडितनं विचारलं.

तिनं भिंतीकडे बोट केलं. पंडित कोपरावर टेकून उठला. बघितलं. आधी हसला. मग एकदम हसू थांबलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते वच्छलाबाईनं दोन हंगामांत पाहिलं नव्हतं.

"जमीनवर ठेवशी तर काम नही व्हवाव," तो म्हणाला. "उंच पाहिजे. गाडीवर."

तिनं पंखा खांद्यावर टाकला आणि मागच्या दारानं निघाली.

पण खळ्यापर्यंत वीज कुठून आणायची? घरातली वायर तर चार हातांची. गावात वायरची भेंडोळी एकाच माणसाकडे होती: वनाकडे. जयंतीच्या मांडवाचं, तोरणांचं आणि भोंग्याचं काम त्याच्याकडे असायचं. पंखा तसाच खांद्यावर घेऊन ती बौद्धवाड्याच्या चौकात गेली, तेव्हा तो शिडीवर चढून माळा बांधत होता.

"वना, तुनी वायर दे."

"अक्का, परवा जयंती शे. माळा लावना शेतस."

"जयंतीना जेवनले भाकर कोन्ही दादरनी व्हई, सांग बरं? खळावर पडेल शे ती. पानी उना तर माळाखाले बशीसन काय खाशात?"

वना शिडीवरून खाली उतरला. भेंडोळं घेतलं आणि तिच्या मागोमाग चालू लागला. चालता चालता त्यानं विचारलं, "पन अक्का, पंखा खळावर कसाले?"

"चाल, दखशी."

खळ्यावर पंखा दिसला तसा झिपरू तिवईवरून उठलाच. "काय व वच्छलाबाई, दादरले उकडस का?"

आधार नानाही हसले. खळ्यावर कामाला आलेल्या बाया हसल्या. वच्छलाबाईनं कोणाकडे पाहिलं नाही. रिकामी बैलगाडी ढकलत आणून ढिगाशेजारी लावली, तिच्यावर पंखा उभा केला. वनानं घरातून वायर ओढली, जोड घट्ट बांधले आणि बटन दाबलं. पंखा घरघरला. वारा सुटला.

"झिपरू भाऊ, चढ आते."

झिपरूनं बिडी विझवली. "मी देवना वारावर उपनस. पंखाना नही." आणि तो बांधावर जाऊन बसला.

तिवई रिकामी राहिली. वच्छलाबाईनं पदर कमरेला खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"ए बाई!" आधार नाना पुढं आले. हसू गेलं होतं. "बाईमानूस तिवईवर चढत नही. खळानी बरकत जास."

"मंग तुम्ही चढशात का नाना?"

नानांचे गुडघे धरलेले, सगळ्या गावाला माहीत.

"बरकत भिजीसन बी जास," ती म्हणाली आणि वर चढली.

खालून एका बाईनं टोपली दिली. तिनं डोक्याच्या वर धरली आणि धार सोडली. आणि सगळा विचका झाला. पंखा फार जवळ होता, तिसऱ्या बटनावर होता. दाणा, भुसा, सगळंच उडालं. आधार नानांच्या टोपीवर दादरीचा पाऊस पडला. बांधावरून झिपरूचं हसणं ऐकू आलं. दुसऱ्या टोपलीला तिनं धार जाड केली, तर भुसा तिच्याच पायाशी. डोळ्यांत कण गेला. तिवई हलली.

"गाडी मांगे ले."

आवाज मागून आला. सगळे वळले. पंडित मागच्या दारातून येत होता, तोंडावर ओला रुमाल बांधलेला, एक हात कुडाच्या भिंतीला.

"तुम्ही कसाले उनात?" वच्छलाबाई वरूनच ओरडली. "कुंदानं सांगं व्हतं ना!"

"धूळ कोठे जाई ऱ्हायनी, दख," तो म्हणाला. "पंखाना मांगे धूळ नही शे."

खरंच होतं. धूळ सगळी समोरच्या बाजूला, एका दिशेनं जात होती. देवाचा वारा फिरतो, उलटतो, तोंडावर येतो. हा वारा फिरत नव्हता. पंडित गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, पंख्याच्या पाठीमागे. तिथं हवा स्वच्छ होती. त्यानं वनाला गाडी दोन हात मागं घ्यायला लावली, पंख्याचं तोंड जरा वर केलं, बटन मधलं दाबलं.

"आते सोड. हात हलाडू नको. टोपली हलाड."

वच्छलाबाईनं टोपली हलवली. धार पडली. दाणे सळसळत सरळ खाली, तिवईच्या पायाशी. आणि भुसा पिवळ्या पदरासारखा उडून पलीकडे. मध्ये रेघ ओढल्यासारखी मोकळी जमीन.

खळ्यावर कोणी हसलं नाही. बाया पुढं सरकल्या. एकीनं मूठभर दादर उचलली, फुंकली, आणि फुंकायला काही उरलंच नव्हतं म्हणून तिनं ती दुसरीला दाखवली.

"आखो!" वच्छलाबाई वरून म्हणाली. "टोपली द्या!"

मग जे काम सुरू झालं त्याला थांबणं माहीत नव्हतं. खालून टोपली, वर धार. वच्छलाबाईचे खांदे भरून आले, पण तिला ते कळलं ते दुसऱ्या दिवशी. पंडित मागून सांगत होता: जरा डावीकडे, धार जाड कर, आते बारीक. त्याचा आवाज खणखणीत होता. दोन हंगाम बाजेवर बसलेला माणूस खळ्यावर उभा राहून खळं चालवत होता.

ढीग निम्मा झाला आणि पंखा थांबला. लाईट गेली.

पाती हळूहळू उभी राहिली. साक्रीकडचं आभाळ आता डोक्यावर आलं होतं, लांब कुठंतरी गडगडलं. आधार नाना म्हणाले, "खाले उतर पोरी. गोनपाट टाकूत."

पण वच्छलाबाई उतरली नाही. भरलेली टोपली डोक्यावर धरून ती तशीच उभी राहिली. बायांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांनीही हातातल्या टोपल्या खाली ठेवल्या नाहीत. वना खांबाकडे बघत होता, जणू नजरेनंच वीज ओढून आणणार. गडगडाट जवळ आला. आणि पंखा घरघरला.

एवढा मोठा ओरडा त्या खळ्यावर कधी झाला नसेल.

तिचा ढीग संपला तेव्हा ती खाली उतरली. स्वच्छ दादरीची रास समोर उभी होती, मोत्यांसारखी. आधार नाना बांधाच्या पलीकडे आपल्या ढिगाजवळ उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, झटकली. त्यातून दादरीचे चार दाणे पडले.

"वच्छलाबाई," ते म्हणाले, "गाडी इकडे फिरावता येई का?"

तिला क्षणभर वाटलं, बरकतीचं विचारावं. पण नानांचा चेहरा बघून तिनं गिळून टाकलं. "बांध फोडना पडी नाना."

"फोडूत!" नानांनी स्वतः फावडं घेतलं.

गाडी पलीकडे गेली. आता तिवईवर चढायला बायांमध्येच चढाओढ लागली. नानांची सून केसरबाई आधी चढली, नाना बघत असताना. नानांनी तोंड फिरवलं नाही. झिपरू बराच वेळ बांधावर बसून राहिला. मग तोही उठला आणि टोपल्या भरायला लागला. सगळ्यांत भरभर त्यानंच भरल्या, हेही सांगायला हवं.

शेवटचं पोतं नानांच्या ओसरीत गेलं आणि टपोरे थेंब पडायला लागले. पाठोपाठ गारा. पत्र्यांवर ताशा वाजावा तसा आवाज. सगळे ओसरीत दाटीवाटीनं उभे होते, भुशानं माखलेले, आणि उघड्या रिकाम्या खळ्यावर नाचणाऱ्या गारांकडे बघून हसत होते. भिजायला तिथं काहीच नव्हतं. पंडित वच्छलाबाईच्या शेजारी उभा होता. रुमाल त्यानं काढला होता. श्वास शांत होता.

"दम लागना का?" तिनं हळूच विचारलं.

"नही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "नही ना!"

जयंतीला कुंदा आली ती पंखा बघूनच ओरडली. जाळीत भुसकट, पात्यांवर धूळ, दांड्याला चिखल. "आई, हे काय केलंस? बाबांच्या झोपेसाठी होता हा!"

"रातले झोपसाठे, दिवसभर खळासाठे," पंडित म्हणाला. कुंदानं त्याच्याकडे बघितलं, त्याचा हात हातात घेतला, नाडी मोजायला नव्हे, नुसताच. मग ओलं फडकं घेऊन पंख्याची पाती पुसायला बसली. वच्छलाबाईनं चौकातल्या जेवणासाठी नव्या दादरीच्या भाकरी थापायला घेतल्या.

पुढच्या सुगीत कोणी वाऱ्याची वाट पाहिली नाही. नानांनी धुळ्याहून मोठा पंखा आणला, पण तो कुठं ठेवायचा, किती मागं, कुठलं बटन, हे विचारायला लोक पंडितकडेच यायचे. पलीकडच्या दोन गावांनी बोलावणं धाडलं. बैलगाडीवर मध्ये पंखा, एका बाजूला पंडित, दुसऱ्या बाजूला वच्छलाबाई, मागं वायरचं भेंडोळं मांडीवर घेऊन वना. गाव ओलांडताना कोणीतरी विचारलं, "कोठे निंघनात?"

"वारा संगे लई जाई ऱ्हायनूत," वच्छलाबाई म्हणाली आणि बैलांना हाकारलं.