मल्हारचं नाव धरून बसलेली वही

मी पोलीस ठाण्यातली वही बोलतेय. लाल पाठीची, जाड पुठ्ठ्याची. जन्म सांगलीतल्या एका बाइंडरकडं, नोकरी माणदेशातल्या एका ठाण्यात. गावाचं नाव सांगत नाही. तुम्ही आपापल्या गावाचं घाला.

माझ्याबरोबर बांधलेल्या वह्या शाळेत गेल्या, तिथं पोरांची हजेरी लागली. माझ्यात पारध्यांची नावं लागली. माणसाला जन्मानंच चोर ठरवणारा इंग्रजांचा कायदा रद्द होऊन सत्तर वर्षं उलटली. पण जुनी वही फाटली की नवीत नावं उतरवायची, ही ठाण्याची रीत कुणी रद्द केली नाही. बापाच्या नावाखाली दोन बोटं जागा सोडायची. बाप मेला की पोरगं तिथं. मनुबाईचा मल्हार असाच आला. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि चौथीत शिकत होता.

यंदा मल्हारला महाबळेश्वरात टॅक्सीवर ड्रायव्हरचं काम मिळालं. मालक भला, पण कामावर कायम करायला त्याला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता. मनुबाई हवालदार दादासोंपुढं हात जोडून उभी राहिली.

"आवं दादासो, माझ्या पोरानं कवा कुणाची काडी उचलली न्हाई. तेवढं नाव खोडा की."

"खोडू कसं? ह्यात नाव घालायचं असतंय, काढायचं नसतंय." मग दादासो जरा ओशाळले. "पर त्याच्यावर गुन्हा न्हाई. सोमवारी ये. सायबांची सही घिऊन ठेवतो."

मनुबाई लय आशेनं गेली. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

शनिवारी एका बागायतदाराच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. साहेबांनी विचारपूस केलीच नाही. "वही आणा," म्हणाले. त्यांच्या खुर्चीमागं संविधानाची उद्देशिका टांगलेली आहे. तिच्या खालीच मला उघडलं. मल्हार तर महाबळेश्वरात होता. टॅक्सीमालकानं फोनवर तसं सांगितलंही. तरी त्याला तिथनं उचलून आणलंच. दोन दिवस पट्ट्यानं मारलं. मारणारे दादासोच होते. "कबूल हो रं, माझा बी जीव सुटंल," असं म्हणत मारत होते.

सोमवारी मोटार सापडली, बागायतदाराच्या सख्ख्या मेव्हण्याच्या गोठ्यात. साहेब हसले. "घरातली भानगड आहे, घरातच मिटवा." मेव्हणा चहा पिऊन गेला. त्याचं नाव माझ्यात लिहावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मनुबाई ठरल्याप्रमाणे दाखल्याला आली, तेव्हा मल्हार भिंतीला धरून उभा होता. दादासोंनी मान वर केली नाही. त्याच्या नावापुढं त्यांनी नुकतंच लिहिलं होतं: मोटार चोरीच्या संशयावरून ताब्यात.

"आता सही व्हायची न्हाई, मनुबाई."

"पर चोर दुसराच निघाला न्हवं?"

"व्हय. पर हा ठाण्यात आला हुता, हे बी खरंच हाय."

मल्हारनं आईचा खांदा धरला आणि लंगडत पायऱ्या उतरला. टॅक्सी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

आता ठाण्यात संगणक आलाय. मल्हारचं पान काल त्यात चढवलं, त्या ओळीसकट. मला रद्दीत काढणार आहेत. माझं मला दुःख नाही. पण उद्या कुणी पडद्यावर ती ओळ वाचून मल्हारकडं बघेल, त्याच्यासाठी सांगून जाते. बाबांनो, त्या ओळीत गुन्हा नोंदलाय, हे खरं आहे. तो ठाण्यानं केलेला आहे.