घरच्या माणसाचं नाव

“भिंग जरा इकडे धर,” यासुजी म्हणाला. “हा बघ मासेवाला ओनो. जन्मात कुणाला एक बांगडा जास्तीचा दिला नाही, अक्षरं मात्र हाताएवढी!”

कियो हसली नाही. लढाईवर निघताना गावाने सह्या करून दिलेला एइसाकुचा झेंडा एकसष्ट वर्षांनी अमेरिकेहून जपानात, घरी आला होता. तिकडच्या कुणा सैनिकाने तो लढाईत उचलून नेला होता. तो सैनिक वारल्यावर त्याच्या मुलीला झेंडा ट्रंकेत सापडला. सकाळी नगरपालिकेच्या माणसाने तो दोन्ही हातांनी दिला, कमरेत वाकला आणि गेला. आता जेवणाच्या टेबलावर तो पसरला होता. मधे लाल सूर्य, भोवती गावभरच्या सह्या, कोपऱ्यात तपकिरी डाग.

एइसाकु तिचा पहिला नवरा. लग्नाला चाळीस दिवस होतात न होतात तोच लष्कराचं बोलावणं आलं. पुढे पांढऱ्या पेटीतून अस्थींच्या जागी एक दगड आला. वर्षभरात सासऱ्यांनी तिला धाकट्या दिराच्या, या यासुजीच्या, पदरात घातलं. तेव्हा कितीतरी घरांत हेच झालं. यासुजी भला माणूस. त्याला लागू नये म्हणून तिने पहिल्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

“मास्तर आहेत, न्हावी आहे. शेजारच्या म्हातारीने तर दोनदा लिहिलंय, हावरट कुठली!” यासुजीचं भिंग तिसऱ्यांदा कडेकडेने फिरलं.

“नका शोधू. माझं नाव नाही त्यात.”

“असं कसं? बायकोचं नाव...”

“सह्या चालल्या होत्या तेव्हा मी चहा देत होते. हात पुसून आले, तर ब्रश तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, आधी पाहुण्यांचं होऊ दे, घरचं माणूस काय, केव्हाही लिहील.”

तेव्हा यासुजी सतरा वर्षांचा होता. आता त्याने भिंग खाली ठेवलं. उठून शाईची वडी काढली, सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि उगाळायला बसला. शाई दाट होईपर्यंत थांबला नाही.

“लिही, वहिनी.”

साठ वर्षांत ही हाक तिने ऐकली नव्हती. तिने ब्रश बुडवला. सूर्याखाली बोटभर जागा होती.

“सगळ्यांनी ‘विजयी हो’ लिहिलंय,” ती म्हणाली. “मला तेव्हाही ते लिहायचं नव्हतं.”

यासुजीने काठी घेतली. बाहेर जाऊन सरकतं दार पूर्ण ओढून घेतलं. अंगणातून तो एकदा खोकला. मग पार कुंपणापाशी पोचून आणखी एकदा, आपण किती लांब आलो ते आत कळावं म्हणून.