मुंडाशाची गाठ

सगुणाबाईला कुणाला नाही म्हणता येत नसे. आळीतल्या बायका म्हणत, किती भोळी बाई. भोळी कसली? तिला तो मान वाटायचा. भोरमध्ये नदीकडच्या अंगाला तिचं घर होतं, आणि ओसरीच्या भिंतीवर खुंट्यांची एक रांग होती. एकेका खुंटीला एकेका घरचं गठुडं टांगलेलं असे. कुणाची लेक सासरी निघालेली, कुणाची म्हातारी थंडीनं कुडकुडणारी, कुणाच्या सुनेला दिवस गेलेले. घरोघरची जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे तिच्याकडे येत आणि थरावर थर शिवलेली वाकळ होऊन परत जात.

सकाळी भाकरी उरकल्या की एक वाकळ पुढ्यात, दुपारी ऊन सरकलं की दुसरी, आणि संध्याकाळी दिवा लागेपर्यंत तिसरीचा कोपरा. "माज्या हातनं कुनाचं कापड कुनाच्या वाकळंत कदी गेलं न्हाई," असं ती दहा जणींत सांगायची. आणि ते खरंही होतं, त्या पौषापर्यंत.

तिची आणखी एक रीत होती. वाकळ पुरी झाली तरी एका कोपऱ्याला हातभर जागा ती उघडी ठेवी. ज्याची वाकळ, त्यानं येऊन आत चिमूटभर दाणे टाकायचे, मग त्याच्यासमोर शेवटचे टाके घालायचे. उपाशी पोटी वाकळ घराबाहेर जाऊ नये, असं तिची आई सांगे.

दिवाळीनंतर धोंडाबाई आली होती. वेल्ह्याकडच्या डोंगरावर धनगरांची वाडी आहे, तिथली. दर बाजाराला तूप घेऊन खाली उतरायची. तिचा सावळा, एकुलता एक, पावसाळ्यात गुरं उतरवताना नदीच्या लोंढ्यात गेला होता. धोंडाबाईनं डोक्यावरचं गठुडं उतरवलं, त्यातून सावळ्याचं पांढरं मुंडासं काढलं आणि मांडीवर घेऊन बसली. धुऊन धुऊन ते कापड लोण्यासारखं मऊ झालं होतं. त्याच्या एका टोकाला गाठ होती.

"बिरोबाचा भंडारा हाय ह्यात," ती म्हणाली. "त्येनं सवता बांदला व्हता. वाकळंत घाला, पर ही गाठ कोपऱ्याला ठिवा. रातीला हाताखाली लागल."

निघताना तिनं तुपाचं एक मडकं ओसरीवर ठेवलं. सगुणाबाई नको म्हणाली, धोंडाबाई ऐकेना.

त्याच दिवसांत आंबवड्याच्या बाळाबाईच्या लेकीचं लग्न ठरलं. तिला रुखवतात ठेवायला मोठी वाकळ हवी होती, नक्षीच्या टाक्यांची. कापड मात्र दिलं अपुरं. वाकळ पातळ निघाली तर नाव आपलं जाईल, म्हणून सगुणाबाईनं आपल्या घरची जुनी लुगडी त्यात घातली. ती लुगडी तिनं स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणासाठी राखून ठेवली होती. रतन माहेरी आलेली, पण अजून अवकाश आहे, होईल काहीतरी, असं म्हणत तिनं ते काम पुढे ढकललं. जगाची दुपटी शिवणाऱ्या बाईच्या घरात नातवाला दुपटं नाही, हे तिला हसण्यावारी नेता आलं.

रतन दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. पोरगा एवढासा, त्यात पौषातला गारठा. घरात होतं ते एक खरबरीत घोंगडं आणि नवऱ्याचं, गेनबाचं, जाडंभरडं धोतर. सगुणाबाई ओसरीवर आली. खुंट्यांकडे पाहिलं. हात आपोआप गेला तो शेवटच्या खुंटीकडे, कारण तिथलं धोंडाबाईचं कापड सगळ्यात मऊ होतं.

आतल्या थरात कोण बघतंय, असं तिनं मनाला समजावलं. मुंडासं कापलं. गाठ तान्ह्याला बोचली असती, म्हणून सोडली. पिवळा भंडारा तळहातावर उतरला, तेव्हा मात्र तिचा हात थोडा थांबला. मग ती अंगणात गेली आणि भंडारा तुळशीच्या मुळाशी टाकून आली. टाकला कुठे, तुळशीतच ना?

दुपटं झकास झालं. त्यात गुंडाळलं की पोरगं चिडीचूप झोपे. "आये, काय हात हाय तुजा," रतन म्हणायची, आणि सगुणाबाई उठून चुलीपाशी जायची. धोंडाबाईच्या तुपातला शिरा लेकीपुढे ठेवताना तिला नजर वर करवत नसे. गेनबा म्हणाला, शिऱ्याचा वास लई भारी सुटलाय. ती त्याच्यावरच डाफरली.

धोंडाबाईची वाकळ तिनं मग सगळ्या कामांच्या आधी घेतली. मुंडाशाच्या जागी गेनबाचं धोतर घातलं. टाके असे बारीक घातले की उभ्या आयुष्यात घातले नव्हते. जितकं मन खाई तितके टाके बारीक होत. शेवटी धोतराच्या टोकाला तिनं गाठ बांधली, त्यात स्वयंपाकाच्या डब्यातली हळद भरली, आणि उघड्या कोपऱ्यात सारून दिली. इथवर ती स्वतःला काहीबाही सांगत आली होती. ही गाठ बांधताना सांगण्यासारखं काही उरलं नाही.

माघात धोंडाबाई आली. वाकळ पसरली तेव्हा ती नुसती बघतच राहिली.

"एवडी बारीक कशापायी शिवली वो? आमी डोंगरातली मान्सं."

तिनं पदरातले नाचणीचे दाणे कोपऱ्यात टाकले आणि हात आत घातला. चाचपला. बोटांना गाठ लागली. ती तिनं मुठीत धरली, आणि तशीच वाकळीवर वाकून बसली. खांदे हलत होते, आवाज नव्हता.

"हीच," ती म्हणाली. "लागली हाताला. सगुणाबाई, तुमचं लई उपकार झालं. आता झोप लागल मला."

झालं होतं सगळं. आता चार टाके घालायचे आणि वाकळ तिच्या डोक्यावर द्यायची. सगुणाबाईनं सुईत दोरा ओवला. कोपऱ्याशी सुई नेली, पण टाका घातला नाही. ही बाई आता रोज डोळे मिटताना गेनबाचं धोतर मुठीत धरणार होती. आज, उद्या, मरेपर्यंत. आणि वर आपलं नाव घेऊन दुवा देणार होती. शिव्या तिनं सोसल्या असत्या, हे तिला सोसेना.

"ती गाठ त्याची न्हवं," सगुणाबाई म्हणाली.

धोंडाबाईनं मान वर केली.

"म्या बांदली. हळद आमच्या डब्यातली हाय. कापड आमच्या धन्याचं हाय." तिनं सुई खाली ठेवली. "मुंडासं म्या नातवाच्या दुपट्यात घातलं. कापलं म्या ते."

धोंडाबाईनं कोपऱ्यातून हात काढून घेतला. चटका बसल्यासारखा नाही, हळूच. आतल्या खोलीच्या दारात रतन पोराला घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"मेलेल्याचं कापड माज्या लेकराच्या अंगावर?" रतन ओरडली. पोरगं उघडं पडलं याचंही भान न ठेवता तिनं दुपटं ओढून काढलं आणि अंगणात फेकलं.

पोर रडायला लागलं. सगुणाबाईला वाटलं, धरणी दुभंगावी. एका हातानं तिनं एका आईचं पोर पुन्हा हिरावलं होतं आणि दुसऱ्या हातानं आपल्याच लेकीच्या डोळ्यादेखत त्या गेलेल्या पोराला अशुभ ठरवलं होतं.

धोंडाबाई उठली. अंगणातलं दुपटं उचललं, धूळ झटकली, आणि ते आणून सगुणाबाईच्या पुढ्यात ठेवलं.

"उसवा."

सगुणाबाई उसवायला बसली. टाका टाका सुटत गेला, आणि आतून सावळ्याच्या मुंडाशाचे तुकडे निघत गेले. कुठे चौकोनी, कुठे तिरपे. धोंडाबाई एकेक तुकडा घेऊन मांडीवर सपाट करत होती, कपाळावरून हात फिरवावा तशी. मग वाकळीच्या कोपऱ्यातलं धोतराचं टोक तिनं बाहेर ओढलं, त्याची गाठ सोडली, हळद जमिनीवर सांडू दिली.

"भंडारा कुठं टाकला?"

सगुणाबाईनं तुळशीकडे बोट केलं.

धोंडाबाई तुळशीपाशी जाऊन खाली बसली. मुळाशी बोटं घालून तिनं चिमूटभर माती उकरली. माती काळीच होती, पिवळं काही दिसत नव्हतं. तरी ती तिनं मुंडाशाच्या एका तुकड्याच्या टोकात बांधली, दातांनी गाठ आवळली. मग परत येऊन सगळे तुकडे एकामागून एक कोपऱ्यातून आत सारले. गाठीचा तुकडा सगळ्यात शेवटी.

सगुणाबाईनं सुई उचलली. धोंडाबाईनं ती तिच्या बोटांतून काढून घेतली.

तिला शिवण येत नव्हतं. टाके लांब पडत होते, वाकडे पडत होते, दोरा गुंतत होता. आजवर सगुणाबाईच्या वाकळीवर दुसऱ्या कुणाचा टाका पडला नव्हता. ती हात मांडीवर ठेवून बघत राहिली. आत रतन पोराला आपल्या पदरात घेऊन थोपटत होती, आणि ते काही केल्या उगी राहत नव्हतं.

वाकळ घडी करून डोक्यावर घेताना धोंडाबाई त्या रडण्याकडे क्षणभर कान देऊन उभी राहिली.

"मागितलं असतं," ती म्हणाली, "तर निम्मं म्याच फाडून दिलं असतं तुमाला. लेकराला थंडी वाजती, तर काय."

ती वेल्ह्याच्या वाटेला लागली. एक हात वर करून तिनं वाकळीचा तो कोपरा धरला होता. सगुणाबाई मागं वळली तेव्हा ओसरीच्या भिंतीवर बाकीची गठुडी टांगलेली होती, आणि शेजारची ठकुबाई काखेत जुनी लुगडी घेऊन दारात येऊन उभी होती. "हाय का येखादी खुंटी मोकळी?" तिनं विचारलं. शेवटची खुंटी मोकळी होती. सगुणाबाई त्या खुंटीला पाठ लावून उभी राहिली आणि न्हाई म्हणाली.